नसीमखाला आणि नेटची दरवाढ

कस्टमर केअरला फोन लागला की आपण थेट तक्रार सुरू करतो. नसीमखाला आधी विचारतात, "जेवलीस का, बेटा?"

पलीकडची मुलगी गडबडते. तिला दिवसभर शिव्या ऐकायची सवय. जेवणाचं कुणी विचारत नाही. ती "हो मॅडम" म्हणते आणि तिथंच अर्धी हरते.

मग खाला मुद्द्यावर येतात. "नेटचे पैसे कामून वाढवले?"

"मॅडम, नवीन दर लागू झालेत."

"ते दिसालंय मला. मी ब्लाउजची शिलाई वाढवते तवा अस्तर चांगलं घालते. तुम्ही काय घातलं? डबा तोच, वायर तीच. अस्तर कुठंय?"

याला कंपनीच्या छापील उत्तरांत उत्तर नसतं. मुलगी फोन साहेबाकडे देते, साहेब त्याच्या साहेबाकडे. मधल्या वेळात वाजणारं संगीत स्पीकरवर टाकून खाला निवांत काजं करत बसतात. शेवटी ब्रह्मास्त्र काढतात, "ऱ्हाऊ द्या मग. तोडा कनेक्शन." गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर साहेब विरघळतो आणि जुना दर आणखी वर्षभर चालू राहतो.

चिखलीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर खालांचं टेलरिंगचं दुकान आहे. नवऱ्याच्या वर्कशॉपमधल्या नोकरीपायी त्या उदगीरहून इथं आल्या. नवरा गेला, मूलबाळ नाही, पण दुकान आणि भांडण दोन्ही जोरात. मोबाइलच्या अठ्ठावीस दिवसांच्या रिचार्जवर त्यांनी एकदा एका साहेबाला विचारलं होतं, "तुमच्याकडं बाराही महिने फेब्रुवारीच असतो का? मग पगार कसा मोजून घेता?" साहेब म्हणे स्वतःच हसत सुटला.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझं नेटचं बिल दोन वर्षं वाढत होतं आणि खात्यातून आपोआप कटत होतं. मला पत्ताच नाही. पँट आखूड करायला गेलो तेव्हा बोलण्यात ते निघालं.

"सुनीलभाऊ, कंपनीत केसाएवढा फरक पकडता, अन् घरातली एवढी वाढ दिसंना तुम्हाला?"

त्यांनी माझाच फोन घेतला, नंबर लावला. पँटच्या दोन्ही मोऱ्या दुमडून होईपर्यंत माझं बिल जुन्या दरावर आलं होतं. तेव्हापासून मी त्यांचा भक्त. बिल्डिंगमधले निम्मे लोकही. दर वाढला की लोक बिलं घेऊन दुकानात रांग लावायचे आणि खाला टेप गळ्यात अडकवून एकेकाचा खटला चालवायच्या. बदल्यात काही घ्यायच्या नाहीत.

यंदा खालांच्या स्वतःच्या कनेक्शनची पाळी आली. नेहमीचे सगळे डाव टाकून झाले आणि त्या म्हणाल्या, "तोडा मग."

पलीकडून शांत आवाज आला, "ठीक आहे मॅडम. तुमची विनंती नोंदवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेट बंद!

बातमी वरच्या मजल्यापर्यंत गेली. "येतील शरण," खाला म्हणाल्या. मी माझ्या वायफायचा पासवर्ड देऊ केला. "दुसऱ्याच्या नळावर किती दिवस पाणी भरायचं, भाऊ?" म्हणून त्यांनी तो नाकारला. आम्ही सगळे कंपनीच्या पराभवाची वाट बघू लागलो.

तिसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून येताना मी सहज मेन रोडवरच्या नेटवाल्यांच्या ऑफिसात डोकावलो. काउंटरपाशी खाला उभ्या होत्या. वाढलेल्या दरानं, अख्ख्या वर्षाचे पैसे भरत होत्या. ना अस्तराचा विषय, ना साहेबाची मागणी. मला बघून चपापल्या.

"बिल्डिंगीत बोलू नका," एवढंच म्हणाल्या.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? आमचा सेनापती न लढता परत आला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवायला टाकलेली पँट आणायला गेलो. खाला मशीन चालवत होत्या. समोर रिळांना टेकवून फोन उभा केला होता. त्यात व्हिडिओ कॉल सुरू होता. खाटेवर एक बाई डोळे मिटून पडली होती. बोलत कुणीच नव्हतं.

"मुन्नी. माझी धाकटी बहीण, उदगीरला असती," खाला हळू आवाजात म्हणाल्या. "शुगरनं नजर गेली. लेक-सून कामाला जातात, दिवसभर घरात एकटीच. लहानपणी एकाच मशीनवर आळीपाळीनं शिवायचो आमी. आता ही मशीन ऐकत पडती. मोबाइलचा डेटा तासाभरात संपतो. नेट गेलं, तर तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडली."

माझी पँट काढायला त्या उठल्या. मशीन थांबली. लगेच फोनमधून बारीक, घाबरलेला आवाज आला, "आपा? है ना?"

"हूँ ना, मुन्नी, यहींच हूँ."

त्यांनी पँट घाईघाईनं माझ्या हातात दिली, पुन्हा स्टुलावर बसल्या आणि पायडल मारायला लागल्या. मशीन खडखडू लागली. खाटेवरच्या बाईचा चेहरा हळूहळू सैलावला.

निघता निघता माझं लक्ष मशीनकडे गेलं. दिवसाचं शिवण कधीच संपलं होतं. सुईखाली कापड नव्हतं.