घड्याळजींच्या गाडीतले दिवे

सोमवारी सकाळी घड्याळजींनी गाडी सुरू केली आणि पेट्रोलचा दिवा लागला. मागे बसलेल्या लेकीने लगेच निकाल देऊन टाकला. "बाबा, आता बस झालं. आणखी एक दिवा लागला की गाडी भंगारात."

घड्याळजींनी स्टीअरिंगवरून हात फिरवला. अठरा वर्षांची सोबत होती ती. शिवाय टाकी गेल्याच आठवड्यात भरलेली, आणि त्यानंतर गाडी जेमतेम बाजारापर्यंत गेलेली. मग पेट्रोल गेलं कुठे?

बुधवारी उद्गारचिन्हाचा लाल दिवा लागला. घड्याळजींनी त्यावर गुपचूप काळी चिकटपट्टी लावली, दुकानातलं भिंग डोळ्याला अडकवलं आणि स्टीअरिंगखालचं झाकण उघडून आत डोकं घातलं. जन्मभर हातावरची घड्याळं उघडलेला माणूस; बिघाड म्हणजे तो बारीकच असणार, यावर त्यांची श्रद्धा. तासाभराने झाकण बसवलं तेव्हा एक स्क्रू उरला.

"गाडीचं काही बिघडलंय का?" दारात मटार सोलत बायकोने विचारलं.

"तुला नाही कळायचं ते. ही गाडी माझ्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही."

बायकोने एक दाणा तोंडात टाकला आणि पुढची शेंग घेतली. घड्याळजी जेवले आणि नेमाने दोन ते चार झोपले. त्या वेळात कुणी घर उचलून नेलं असतं तरी त्यांना पत्ता लागला नसता.

शुक्रवारी लेक शेजारी उभी असतानाच उघड्या दाराचा दिवा लागला. वर उकाड्याने ती चिकटपट्टीही सुटून पडली. लेकीने फोन काढला आणि भंगारवाल्याचा नंबर शोधायला लागली.

"थांब गं," घड्याळजी काकुळतीला आले. "एकदा गॅरेजवाल्याला तरी दाखवू."

तिघंही गॅरेजात गेली. गॅरेजवाल्याने आत डोकावून हँडब्रेक खाली दाबला. लाल दिवा गेला. मागचं दार आपटून लावलं, दुसरा गेला.

"ब्रेक एक खटका वर राहिला होता. गाडी ठणठणीत आहे, काका." एवढं बोलून तो उगाचच पाने पुसायला लागला.

"मी ब्रेक अर्धवट सोडत नाही," घड्याळजी म्हणाले. "आणि सीटही कुणीतरी पुढे ओढलीय. आठवडाभर माझे गुडघे आपटतायत. गाडी चोरीला जातेय की काय?"

गॅरेजवाल्याने पाना खाली ठेवला. "काकू, आता सांगून टाका. माझ्याच्याने नाही राहवत."

बायकोने पदर खोचला. "रोज दुपारी दोन ते चार गाडी चालवायला शिकतेय मी याच्याकडे. मंगळवारी लायसन्सची परीक्षा आहे. तोवर गाडी कुणी भंगारात घालायची नाही."

लेकीने फोन पर्समध्ये टाकला आणि आईला कडकडून मिठी मारली. घड्याळजींना रागवायचं होतं, पण आनंदच एवढा झाला की ते जमेना.

"दाखव बघू चालवून," ते शेजारच्या सीटवर जाऊन बसत म्हणाले.

गॅरेजच्या आवारात बायकोने गाडी अशी अलगद वळवली की घड्याळजी बघतच राहिले. एवढ्यात समोर पुन्हा एक लाल दिवा लागला.

"बघ, बिघडवलीस," ते म्हणाले. "हा दिवा तर मी अठरा वर्षांत पाहिला नाही."

"कसा दिसेल? या सीटवर कधी बसलात का?" बायको समोर बघतच म्हणाली. "पट्टा लावा."