धम्मपालच्या शेतातली डाळ

भगवानरावांनी त्या दिवशी ठरवलं तरी काय होतं? या महिन्याचा किराणा दत्तरावांच्या दुकानातून न घेता बायपासवरच्या नव्या मॉलमधून आणायचा. बस्स. एवढ्या गोष्टीसाठी माणूस भर दुपारी तोंडाला दस्ती बांधून मागच्या गल्लीने घराबाहेर पडत नाही. भगवानराव पडले.

त्याला कारण होतं. पाथरीच्या पंचायत समितीत जन्मभर कारकुनी करून ते परभणीत मुलाकडे, सिद्धोधनकडे, राहायला आले तेव्हा या एवढ्या मोठ्या शहरात (पाथरीहून येणाऱ्याला परभणी मोठीच असते, हसू नये) त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. पाथरीत घरून निघालेला माणूस चौकात पोचेपर्यंत दहाजण 'जयभीम साहेब' म्हणून थांबवायचे. इथं शेजाऱ्याचं आडनाव कळायलाच अख्खा पावसाळा गेला. अशात गल्लीच्या तोंडाशी दत्तरावांचं दुकान सापडलं आणि दुकानासमोरचं लाकडी बाकडं. सकाळचा पेपर, दत्तरावांनी मागवलेला चहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा, असं त्यांचं बस्तान बसलं. हळूहळू गिऱ्हाइकं 'काका' म्हणायला लागली. ते बाकडं गेलं तर या शहरात आपण पुन्हा कुणीच नाही, हे भगवानरावांना पक्कं ठाऊक होतं.

मग मॉलमध्ये गेलेच का? तर पेपरातून एक रंगीत कागद पडला. तूरडाळीवर साखर फुकट! फुकट हा शब्द वाचला की कारकुनाच्या डोळ्यांना पुढचं काही दिसत नाही.

"दत्तरावला काय वाटंल?" त्यांच्या बायकोने, सरजाबाईंनी, विचारलं.

"कळलं तर वाटंल ना," भगवानराव म्हणाले.

मॉलमध्ये शिरताच त्यांना गार वाटलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत घाम फुटला. डाळ घ्यायची तर आधी दाणा दाताखाली धरून बघायचा, ही त्यांची जुनी रीत. पोत्यातून चिमूटभर उचलायची, चावायची, मान हलवायची, मग भाव विचारायचा. इथं पोतं नव्हतं, पुडा होता. म्हणून त्यांनी पुड्याचा कोपरा दातांनी फाडला.

"काका, काय करायलात?" गणवेशातली पोरगी धावत आली.

"डाळ बघायलो."

"बघायची का खायची?"

"खाल्ल्याबिगर कशी बघायची?" भगवानरावांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

फाडलेला पुडा घ्यावाच लागेल, असं तिने सांगितलं. तोवर चण्याचा, शेंगदाण्याचा आणि मटकीचा कोपराही फाडून झाला होता. (मिठाचाही. मीठ चाखायचं कारण भगवानरावांनाही नंतर सांगता आलं नाही.) घ्यायचं होतं त्याच्या दुप्पट सामान घेऊन ते बाहेर आले.

आता खरी पंचाईत. येताना मागच्या गल्लीत नेमकी ड्रेनेजची खोदाई सुरू होताना दिसली होती, म्हणजे घरी जायला वाट एकच, दत्तरावांच्या दुकानावरून. भगवानरावांनी मॉलच्या मागे उभं राहून सगळे पुडे फोडले आणि माल सोबत आणलेल्या जुन्या पोत्यात ओतला. वेगवेगळ्या पिशव्या नसल्याने डाळ, चणे, मटकी आणि शेंगदाणे यांची गाठ तिथेच पडली. मीठ आणि साखर त्यांनी खिशांत कोंबली.

"अरे वा, भगवानराव! पोतं घेऊन कुठून?" दत्तरावांनी दुकानातूनच हाक मारली.

"राणीसावरगावाहून आलंय," भगवानरावांच्या तोंडून निघून गेलं. "मेव्हण्याच्या शेतातलं. धम्मपालच्या."

धम्मपाल हे सरजाबाईंचे सख्खे भाऊ. शेत होतं, तेही खरं. फक्त त्या शेतात बऱ्याच वर्षांपासून कापसाशिवाय काही लावलेलं नव्हतं.

दत्तरावांनी बाहेर येऊन पोत्याचं तोंड सोडलं, डाळ वेचून तळहातावर घेतली, दाणा चावला आणि डोळे मिटले.

"हिला म्हंत्यात डाळ!" दत्तराव म्हणाले. "शहरात असली बघायला मिळत न्हाई. पर हे सगळं एकातच कामून भरलंय?"

"आमचा मेव्हणा जरा... घाईचा हाय."

"मला पाच-सात किलो आणून द्या की. गावच्या मालाला लय गिऱ्हाईक हाय."

इथं नाही म्हणायला हवं होतं. पण दत्तरावांनी बाकडं झटकलं, चहा सांगितला आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे आपल्या घरचे माणूस हायेत." घरचा माणूस नाही कसं म्हणणार?

रात्रीपर्यंत सरजाबाई डाळीतून मटकी वेगळी करत बसल्या.

पुढच्या आठवड्यात भगवानराव पुन्हा दस्ती बांधून मॉलमध्ये गेले. पुडे फोडले, डाळ पोत्यात भरली, दुकानात आणून दिली. डाळ हातोहात खपली. पण पलीकडच्या गल्लीतल्या नर्मदाबाईंनी मूठभर डाळ हातावर पसरून बघितली आणि नाक मुरडलं.

"गावची डाळ, आन एकबी खडा न्हाई? मला तर ही मॉलचीच वाटायली."

भगवानरावांनी चहाचा कप खाली ठेवला. पुढच्या खेपेला त्यांनी शेजारच्या बांधकामावरून मूठभर बारीक खडे आणले. (फसवणूक झाली तरी स्वच्छ असावी, म्हणून खडे साबणाने धुऊन गच्चीवर वाळवले.) नर्मदाबाईंना पहिल्या मुठीतच खडा सापडला आणि त्यांचा चेहरा खुलला. "आता कसं!" म्हणून त्या दोन किलो घेऊन गेल्या. दत्तराव दिसेल त्याला सांगायला लागले, "आमच्या भगवानरावांच्या मेव्हण्याची डाळ."

त्याच्या पुढच्या खेपेला मॉलमध्ये पाटी लागलेली, एका गिऱ्हाइकाला डाळीचे दोनच पुडे. भगवानराव हबकले. दुकानात दहा जणांना कबूल केलं होतं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. रांगेत पुढं एक गृहस्थ उभे होते, तेही तोंडाला दस्ती गुंडाळून. ढकलगाडीत तेलाचे डबे शिगोशीग भरलेले, डाळ मात्र नव्हती.

"भाऊ, तुमच्या नावावर दोन पुडे घेता का?" भगवानरावांनी हळूच विचारलं.

गृहस्थ वळले. दस्ती जराशी घसरली.

"भगवानराव?"

"दत्तराव?"

दोघंही बिस्किटांकडे बघायला लागले.

"मी भाव बघायला आल्तो," दत्तराव म्हणाले.

"मीबी."

"ठोक बाजारापेक्षा इथं तेल सस्तं पडतंय. दुकानात हेच ठेवतो. कुणाला बोलू नका." मग त्यांची नजर भगवानरावांच्या गाडीतल्या तूरडाळीवर गेली, आणि तिथंच थांबली. "म्हंजे ती गावची डाळ?"

"हीच."

"आन खडे?"

"बांधकामावरचे," भगवानराव पुटपुटले. "पर धुतले होते."

दत्तराव हसले नाहीत. "डाळीला मशिनीची चकाकी दिसली होती मला," ते म्हणाले. "पर म्हणलं, तुमच्यावर शक कसा घ्यायचा?"

रागावले असते तर परवडलं असतं. हे वाक्य मात्र भगवानरावांना आतपर्यंत लागलं. या शहरात ज्या एका माणसाने आपल्याला घरचं म्हटलं, त्याच्याच तोंडावर आपण खोटं बोललो. पुडे तिथंच ठेवून ते रिकाम्या हाताने घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाकडे फिरकलेच नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. घरी पेपर उघडून बसले, पण एकट्याने वाचलेल्या बातमीत काही राम नव्हता. सूनबाई मनिषाने चहा दिला, तो गार झाला. सरजाबाई दारातून बघत होत्या. त्यांनाही वाईट वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दत्तराव स्वतः दारात उभे राहिले.

"दुकानात कामून येईनात?"

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"ज्यानं मी तेल इकतो, त्याच तोंडानं या," दत्तराव म्हणाले. "तुमी नसल्यावर मला चहा जाईना, भगवानराव. आन दुसरी गोष्ट म्हंजे, परवा मी मॉलची डाळ मॉलची म्हणूनच मांडली, भावबी तोच. खडा न्हाई म्हणून नर्मदाबाईनं हात लावला न्हाई. म्हंत्यात, कशी का असंना, काकाची खड्याची डाळ द्या. चला, बाकडं रिकामं हाय."

डोळे पुसत भगवानराव उठले आणि चप्पल शोधायला लागले. आपली जागा शाबूत होती, आणि शिवाय आता दुकानाला आपली गरजही होती. पंचायत समितीतून निवृत्त झाल्यापासून त्यांची गरज कुणालाच पडली नव्हती.

त्या आनंदात त्यांनी सरजाबाईंकडे बघितलं. त्या सूप घेऊन डाळ निवडत बसल्या होत्या.

"जावा," सरजाबाई मान वर न करता म्हणाल्या. "माझा जलम खडे काढण्यात गेला. तुमाला म्हातारपणी टाकायची नोकरी लागली."