प्रयोगाच्या तीन बाटल्या

राजधानी आपियाहून शाळा तपासायला साहेब येणार म्हटल्यावर मुख्याध्यापक पेलेनातो यांनी सर्वांत आधी डुक्कर कुणाच्या घरचं कापायचं ते ठरवलं. मग फुलांच्या माळा कोण ओवणार ते ठरवलं. हे सगळं मार्गी लागल्यावर त्यांना आठवलं, की साहेब आठवीचा विज्ञानाचा तास बघायला येणार आहेत.

"फुआतिनो, तुझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत," ते म्हणाले. "त्यात भूगर्भ, रसायन आणि जीवसृष्टी, तिन्ही दिसलं पाहिजे. साहेबांना तीनची बोट गाठायचीय."

"सर, हा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे."

"मग जरा भरभर शिकव."

फुआतिनो तीन वर्षं हंगामी शिक्षिका होती. साहेबांचा शेरा चांगला आला तर ती विज्ञानाची कायम शिक्षिका होणार होती, नाही तर वर्षाअखेरीस घरी. सावाईई बेटावरच्या आमच्या गावात विज्ञान शिकलेली ती एकटीच. तिच्याआधी हा विषय रग्बीच्या मास्तरांकडे होता. ते मुलांना धडा वहीत उतरवायला सांगत आणि स्वतः झोपत, आणि तरी त्यांचा शेरा दरवर्षी चांगला येई, कारण झोपेत माणूस चुका करत नाही.

फुआतिनोने डोकं लढवून तिन्ही विषय एकाच प्रयोगात बसवले. पहिल्या बाटलीत लिंबाच्या रसात कच्चा मासा, म्हणजे आम्लाने मांस कसं पांढरं पडतं ते दिसेल. दुसरीत समुद्राच्या पाण्यात समुद्री काकडी नावाच्या प्राण्याचं आतडं. तिसरीत व्हिनेगरमध्ये तीन आठवडे बुडवलेले लहान शिंपले, ज्यांचं कवच आता भिजलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. शेजारी बशीत पोवळ्याचा पांढरा चुरा, म्हणजे चुनखडीच. शेवटी त्या चुऱ्यावर व्हिनेगर ओतायचं, बुडबुडे दाखवायचे आणि विचारायचं, समुद्र आंबट झाला तर आपल्या किनाऱ्यापुढच्या पोवळ्यांचं काय होईल? हे सगळं समजावून सांगायला तिने आठवीतल्या फिलेमूला उभं करायचं ठरवलं. ही मुलगी हुशार होती, पण तिच्या तोंडाला झाकण नव्हतं.

काचेची भांडी मंत्रालयाने पाच वर्षांत पाठवली नव्हती. मुलांनी घरून मेयोनीजच्या बरण्या आणि सोड्याची बाटली आणली. शनिवारच्या बाजारात समुद्री काकडी खायला अशाच बाटल्यांतून विकतात, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून फुआतिनोने प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली, 'प्रयोग'.

तपासणीच्या सकाळी पेलेनातो विज्ञानाच्या खोलीत डोकावले.

"इथे साहेबांना बसवायचं? त्यांना वाटेल आपल्या शाळेला छप्पर नाही."

"नाहीच आहे, सर."

"मग ते त्यांना कशाला दाखवायचं?"

प्रयोग सभागृहात हलला. तिथे पाहुण्यांसाठी मांडलेलं एकच टेबल होतं, त्यावर हलला. टेबलावर फुलाफुलांचं कापड आलं. मग पेलेनातोंनी चिठ्ठ्या खरडून काढल्या, कारण कागद चिकटवलेल्या बाटल्या पाहुण्यासमोर बऱ्या दिसत नाहीत. चुऱ्याच्या बशीत चमचा होता, तो त्यांनी स्वतःच्या शर्टाला पुसून परत ठेवला. स्वच्छतेच्या बाबतीत ते फार काटेकोर होते.

साहेब आले ते बोटीतून पोट हलवून, उपाशी. नाव लेमाना, मोठे मताई, म्हणजे घराण्याची पदवी मिरवणारे. मताई बोलायला उभा राहिला की मध्ये तोंड घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि लेमानांना उभं राहायला फार आवडे. तिकडे पावसाने भट्टीचे दगड तापले नव्हते, त्यामुळे डुक्कर अजून गुलाबी होतं.

साहेब टेबलाशी बसले, बाटल्यांकडे पाहिलं आणि गहिवरले. मग उठून त्यांनी गावाच्या आदरातिथ्यावर दहा मिनिटं भाषण केलं. "आजकाल शाळा पाहुण्याला बिस्किटं देतात," ते म्हणाले, "पण तुम्ही आपलं अस्सल अन्न समोर ठेवलंत."

फुआतिनोने पुढे पाऊल टाकलं, तशी पेलेनातोंनी तिची बाही धरली.

"सर, तो प्रयोग आहे," ती कुजबुजली.

"मताई बोलतायत. आणि एकदा पाहुण्यासमोर ठेवलेलं आपण परत घेतो का?"

"मी त्यांच्यासमोर ठेवलंच नव्हतं. तुम्ही ठेवलंत."

"हळू बोल."

भाषण संपलं आणि साहेबांनी मासा उचलला. लिंबातल्या कच्च्या माशाला आमच्याकडे ओका म्हणतात आणि आवडीने खातात. "ओका छान झालाय. नारळाचं दूध तेवढं विसरलात." बरणी रिकामी झाली. मग समुद्री काकडी गेली, बाटली तोंडाला लावून. मग शिंपला. साहेब थबकले, त्यांनी चावलं, आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"हा कवचासकट खाता येतो! हे कुणी केलं?"

"आमच्या फुआतिनोने," पेलेनातो अभिमानाने म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तिला श्रेय दिलं होतं.

साहेबांनी आठ शिंपले खाल्ले. वर बरणीतलं व्हिनेगर प्यायले. मग चमच्याने पोवळ्याचा चुरा घेऊन जिभेवर टाकला. "मीठ अगदीच अळणी आहे," ते म्हणाले आणि चव लागेना म्हणून आणखी तीन चमचे खाल्ले. फुआतिनोला रडू येत होतं. तीन आठवडे तिने रोज सकाळी त्या शिंपल्यांची नोंद ठेवली होती.

"आता तास सुरू करा," साहेब रुमालाने तोंड पुसत म्हणाले.

फिलेमू उभी राहिली. तिने रिकाम्या बरण्यांकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. "साहेब, पहिला प्रयोग तुमच्या पोटात आहे," ती म्हणाली. "दुसरा आणि तिसरापण."

पेलेनातो जोरात खोकले. पण साहेबांना ते ऐकू गेलं नाही, कारण त्यांचं लक्ष आत लागलं होतं. त्यांनी छातीवर हात ठेवला. मग त्यांना ढेकर आली. साधी नव्हे. पदवीला शोभेल अशी लांब, ऐसपैस ढेकर, आणि तिच्यामागून दुसरी, आणि तिसरी.

"आम्ल आणि चुनखडी एकत्र आली की वायू सुटतो," फिलेमू वर्गाकडे वळून म्हणाली. "निरीक्षण लिहून घ्या."

चाळीस माना वह्यांवर वाकल्या. पाच ढेकरांची नोंद झाली, वेळेसकट. फुआतिनोने तीन वर्षांत यापेक्षा चांगला तास घेतला नव्हता, आणि तिला हे कळत होतं म्हणून तिला जास्तच राग येत होता. डुक्कर शिजलं तेव्हा साहेबांच्या पोटात जागा नव्हती. मग ते अख्खं डुक्कर त्यांच्याबरोबर बोटीवर गेलं, रीतीप्रमाणे.

महिन्याने मंत्रालयाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं: विज्ञान, प्रयोग आढळला नाही. पाककला, अत्युत्तम. फुआतिनो यांना पाककलेच्या शिक्षिका म्हणून कायम करण्यात येत आहे. विज्ञान तूर्तास मुख्याध्यापकांनी शिकवावं.

"बघ, झालीस ना कायम," पेलेनातो म्हणाले. "माझ्यामुळे."

"हो, सर," ती म्हणाली. खरं बोलली असती तर पुन्हा हंगामी झाली असती. दुसऱ्या दिवशी तिने पाककलेची खोली उघडली आणि दारातच उभी राहिली. वर छप्पर होतं. नळाला पाणी होतं. गॅस, फ्रीज, वजनकाटा, तापमापक, काचेची दोन डझन भांडी, सगळं मंत्रालयाने पाठवलेलं आणि वेष्टनसुद्धा न काढलेलं. तिने फळ्यावर 'लोणचं' असं लिहिलं आणि आम्ल शिकवायला सुरुवात केली.

आठवडाभरातच पेलेनातो त्या दारात आले. मागे आठवीचा वर्ग रांगेत उभा होता आणि फिलेमू सर्वांत पुढे.

"ही मुलं फार प्रश्न विचारतात," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "विज्ञानाच्या तासाला यांना तुझ्याकडे पाठवू का? कागदोपत्री तास माझाच राहील."

फुआतिनोने हातातली बरणी खाली ठेवली.

"मुलं पाठवा, सर," ती म्हणाली. "पाहुणे मात्र तुमच्याकडेच ठेवा."