चव्वेचाळीस हजार बाइटांचा नमस्कार

१९९१ साली अंबरनाथच्या त्या रसायनांच्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता आणि श्यामकांत गुप्ते त्याचे प्रमुख होते. खोलीला एसी होता, दाराशी चपला काढाव्या लागत. गुप्त्यांनी हजेरीचे सगळे प्रोग्राम कोबोल भाषेत लिहिले होते, आणि कोबोल समजणारा दुसरा माणूस कारखान्यात नसल्यामुळे त्यांना कधी कोणी काही विचारलं नव्हतं. मग बदलापूरच्या कात्रपहून कुमुदिनी वैद्य नोकरीला आली. तिने आठवड्याभरात विचारलं.

"सर, तुमचे प्रोग्राम एवढे जाड का?"

"जाड म्हणजे?"

"कंपाइल झाल्यावर, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरल्यावर हो. डिस्क वीस एमबीची, ती भरत आलीय. हेच सी भाषेत लिहिलं तर निम्म्यात बसेल."

हे आपल्या पोटाबद्दलच बोलणं आहे असं वाटून गुप्ते सरळ बसले. शेवटी ठरलं की पडद्यावर 'नमस्कार' एवढाच शब्द उमटवणारा प्रोग्राम तीन भाषांत लिहायचा आणि तयार झालेल्या फायली मोजायच्या. पास्कलची फाइल अडीच हजार बाइटांची झाली, सीची आठ हजारांची. कोबोलची चव्वेचाळीस हजारांची.

"एका नमस्काराला?" कुमुदिनी म्हणाली.

"कोबोलचा नमस्कार वाकून असतो," गुप्ते म्हणाले. पण त्यांना त्या दिवशी डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या आत ते कोबोलला बारीक करायला बसले. पहिल्याच खेपेला डिस्क भरल्याचा निरोप आला. काय काढता येईल म्हणून त्यांनी यादी पाहिली, तर त्यात 'डीएम-एक' ते 'डीएम-नऊ' अशा फायली दिसल्या. डीएम म्हणजे डमी, पोरीने सरावासाठी केलेल्या असणार, असं त्यांनी ठरवलं आणि नऊच्या नऊ उडवल्या. मग त्यांनी प्रोग्राम अकरा वेळा कंपाइल केला. चव्वेचाळीसचे साडेत्रेचाळीस झाले! जेवणाच्या सुट्टीत ते कुमुदिनीला हा आकडा दाखवत होते, तेवढ्यात दाराशी चपला काढून टाइमकीपर दिनानाथ म्हात्रे आत आले.

"साहेब, बसू का जरा? शेवटचा भाग ऱ्हायलाय."

"कशाचा?"

"माझ्या लिखाणाचा. म्यानेजर साहेबांनी परवानगी दिली व्हती. तुम्ही कँटीनला जाता ना, तवा मी बसतो. सहा म्हयने झाले."

म्हात्रे तीस वर्षं गेटवर होते. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते. गेटमधून आत आलेल्या प्रत्येक माणसाबद्दल ते दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होते. कोण कुठल्या गावचा, कोण कशामुळे उशिरा यायचा, कोणाला काय नावाने हाक मारायचे. निरोपसमारंभात ते वाचून दाखवणार होते.

"फायलीला नाव काय दिलंत?" गुप्त्यांनी विचारलं. विचारतानाच त्यांना उत्तर कळलं होतं.

"माझंच. डी एम."

कुमुदिनीने खुर्ची ओढली. उडवलेल्या फायली परत आणायची काहीतरी युक्ती तिला माहीत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, उडवल्यावर थांबला असतात, तर सगळं परत आलं असतं. त्याच जागेवर नवीन लिहिलं गेलंय. नंतर किती वेळा कंपाइल केलंत?"

"अकरा."

तिने यादीतल्या आकड्यांची बेरीज केली. म्हात्र्यांच्या नऊ फायली मिळून एकतीस हजार बाइटांच्या होत्या. दोनशे माणसं त्यात मावली होती.

"जाऊ द्या साहेब," म्हात्रे म्हणाले. "पुन्हा लिवीन."

"शनिवारपर्यंत?" गुप्त्यांनी विचारलं.

"नाय व्हनार." ते उठले. बाहेर त्यांना स्वतःच्या चपला सापडायला बराच वेळ लागला.

शनिवारी म्हात्रे हातात कागद न घेताच उभे राहिले. चौथ्या माणसापाशी त्यांचा गोंधळ झाला. महिपती फिटरची गोष्ट त्यांनी भगवंत वेल्डरवर घातली, भगवंत चिडला, महिपती त्याहून चिडला, आणि कँटीनच्या विठाबाई "मी अजून जिती हाय" असं मागून ओरडल्या. लोक पोट धरून हसले. म्हात्रेही हसले, पण लवकर बसले.

गुप्ते हार घेऊन पुढे गेले. "म्हात्रे, माझं चुकलं."

"अवो, तुमच्याबद्दलबी पानभर लिवलं व्हतं."

"माझ्याबद्दल? काय?"

"आता सबुद कुठले आठवतात? पन लिवताना चांगले जमले व्हते."

सोमवारी गुप्त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एका दुकानदाराकडून डिस्क चाळून पुसलेल्या लिखाणाचे उरलेले तुकडे दाखवणारा प्रोग्राम फ्लॉपीवर आणला. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत ते वीस एमबीत स्वतःचं नाव शोधत बसले. एका दुपारी ते सापडलं. त्यांनी कुमुदिनीला हाक मारली आणि तिने पडद्यावरून वाचलं, "श्यामकांत साहेब. माणूस चांगला, पण..."

"पुढे वाच."

"पुढे नाही, सर. पुढे तुमचा कोबोल आहे."