रेसच्या सायकलला कॅरिअर

"या वर्षी पेजर मी घेणार नाही!" भात दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधीच निमिषने जाहीर करून टाकलं. "या वर्षी मी फ्रान्सला जाणार. सायकलवर!"

त्याच्या बायकोने, स्वानंदीने, आमटीचा डाव भांड्यात ठेवला. बाबांनी, म्हणजे निमिषच्या वडिलांनी, मान वर केली.

"सायकलवर? मध्ये समुद्र आहे ना रे?"

"विमानाने जायचं, बाबा. तिथे जाऊन सायकल चालवायची."

"मग इथे रस्ते नाहीत का?"

निमिषने लोणचं मागितलं.

आता हे पेजरचं प्रकरण असं. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावी एका सॉफ्टवेअर कंपनीत निमिष सात वर्षं होता. दर जूनमध्ये त्याचा साहेब ग्लेन ऑफिसातले चार सायकलवेडे गोळा करून पंधरा दिवस फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकली हाणायला जायचा, आणि जाताना ऑन-कॉलचा, म्हणजे रात्री-अपरात्री सर्व्हर बिघडला की वाजणारा, पेजर निमिषच्या हातात ठेवायचा. "यू डोन्ट माइंड, राइट?" निमिषला भयंकर माइंड व्हायचं! पण 'नाही' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघायचा नाही. भीड तरी केवढी! दारावर आलेल्याला नाही म्हणता येत नाही म्हणून त्या दोन खोल्यांच्या घरात तीन व्हॅक्यूम क्लीनर होते. मग पंधरा दिवस पेजर कमरेला लावून तो सर्व्हर सांभाळायचा, आणि ही मंडळी उन्हाने लाल होऊन परत आली की पुढचे सहा महिने त्यांच्या गोष्टी ऐकायचा. टेकडीवरची दगडी गावं, बाराव्या शतकातलं चर्च, चौकातलं कारंजं, द्राक्षांच्या मळ्यांमधून वर-खाली जाणारे रस्ते. ऐकून ऐकून बिचारा न जाताच दमला होता.

पण २००६ साल उजाडलं आणि पाचातल्या एकाला जुळं झालं. जागा रिकामी! मार्चमध्ये निमिषचं ग्रीन कार्डही आलं होतं, म्हणजे परदेशी जाऊन परत यायची काळजी नव्हती. त्याने सगळा धीर एकवटून ग्लेनला विचारलं. ग्लेन म्हणाला, "शनिवारी आमच्याबरोबर पन्नास मैल चल. मागे पडला नाहीस, कुरकुर केली नाहीस, तर जागा तुझी." वर स्वतःची जुनी रेसची सायकल वापरायलाही दिली.

इथवर सगळं छान होतं. गडबड झाली ती बाबांमुळे. नागपूरला एसटीच्या वर्कशॉपात बाबांची तीस वर्षं गेलेली. आई निमिषच्या बहिणीच्या बाळंतपणात अडकली म्हणून ते एकटेच सहा महिन्यांसाठी आले होते, आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं. घरातल्या बिजागऱ्या झाल्या, नळ झाले, शेजारच्या चिनी विद्यार्थ्याचा पंखा झाला. तेवढ्यात दारात सायकल आली.

"स्टँड नाही," बाबा म्हणाले. "मडगार्ड नाही. घंटी नाही. कॅरिअर नाही! साहेबाने सगळं काढून घेऊन नुसता सांगाडा दिला रे तुला!"

"रेसची सायकल अशीच असते, बाबा. हलकी लागते."

"असं होय," बाबा म्हणाले आणि गप्प बसले. बाबा गप्प बसले म्हणजे पटलं, असं निमिषला वाटलं. छत्तीस वर्षं मुलगा असूनही माणसाला एवढंही कळू नये!

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला तर सायकल अंगणात उभी. स्टँडवर! मे महिना, परीक्षा संपलेल्या, विद्यार्थी गाव सोडताना जुनं सामान कचऱ्याच्या डब्यापाशी टाकून जातात. तिथल्या एका दणकट सायकलीचे सगळे अवयव बाबांनी काढून आणून हिला बसवले होते. मागे पोळपाटाएवढं रुंद कॅरिअर. पुढे घंटी. दोन्ही चाकांवर मडगार्ड.

"बाबा!" निमिष जेमतेम बोलला. "हे... हे निघतं ना?"

"निघतं? बोल्टांची टोकं ठोकून चपटी केलीत! चोराच्या बापाला सुटायचं नाही. बस, बसून बघ." आणि त्यांनी टणकन घंटी वाजवली. म्हाताऱ्याचा चेहरा तीन आठवड्यांत पहिल्यांदा एवढा फुलला होता.

निमिष काय बोलणार? "छान झालंय," म्हणाला.

आत येऊन त्याने कपाळ धरलं. "ग्लेन मला मारून टाकेल, स्वानंदी. त्याची सायकल आहे ती!"

"मग बाबांना सांग काढायला."

"तू सांगतेस?"

"मी का सांगू? वडील कुणाचे?"

शनिवारी सकाळी ठरलेल्या जागी चौघं चकाचक सायकलींसह उभे होते. ग्लेन, हिशेब खात्यातली मार्था आणि टेस्टिंगमधले दोन उंच तरुण. निमिष आला. ग्लेन सायकलीभोवती एक फेरी फिरला. तिकीट, टेकड्या, चर्च, कारंजं, सगळं निमिषच्या डोळ्यांसमोरून एकदा जाऊन आलं.

"हे..." ग्लेन कॅरिअरवर थाप मारत म्हणाला, "हे किती वजन घेतं?"

"माझे वडील म्हणतात, कितीही."

"ग्रेट!" ग्लेनने अंगातलं जाकीट काढून कॅरिअरला बांधलं. "यू डोन्ट माइंड, राइट?"

"नो, नो!" निमिष म्हणाला. ग्लेन रागावला नाही म्हणून त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने स्वतःच गाठ घट्ट केली. मग बाकी तिघांनीही आपापली जाकिटं काढली.

बोल्सबर्ग गाव मागे पडलं आणि पेन्स खोरं उघडलं. हिरवी शेतं, लाल कोठारं, आणि रस्ता कसा, तर वर, खाली, वर, खाली, कुठे म्हणून सपाट नाही! "अगदी फ्रान्स!" ग्लेन पुढून ओरडायचा. "हा चढ तर अगदी फ्रान्स!" प्रत्येक फ्रान्सला निमिषच्या पोटऱ्या बोंब मारत होत्या. तरी तो मागे पडला नाही. कुरकुर तर अजिबात नाही.

मोटार-वीज न वापरणाऱ्या आमिश पंथातल्या एका शेतकऱ्याच्या घरापुढे भाजीचा ठेला होता. मार्थाने रुबार्बच्या, म्हणजे लाल देठांच्या आंबट भाजीच्या, दोन जुड्या घेतल्या आणि इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांच्या सायकली हलक्याफुलक्या, ठेवणार कुठे? चार माना एकदमच निमिषकडे वळल्या.

"यू डोन्ट माइंड?"

"नो, नो."

पुढच्या ठेल्यावर टेस्टिंगवाल्यांनी जिरेनियमच्या फुलांची कुंडी घेतली, एकाच्या आईसाठी. मातीसकट! मिलहाइम गावात दीडशे वर्षांपूर्वीची विटांची घरं बघत सगळे एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले, आणि ग्लेन बाहेर आला तो कोळशाची इस्त्री घेऊन. सगळी बिडाची! त्याला शेल्फवर ठेवायची होती. नागपूरला आईने असलीच इस्त्री भंगारवाल्याला फुकट दिली होती आणि वर त्याला चहा पाजला होता. निमिषने ती निमूटपणे कॅरिअरवर चढवली. जाकिटांना जागा उरेना, म्हणून चारही जाकिटं अंगात घातली. मे महिन्याच्या उन्हात!

आता त्याला फ्रान्स नको होतं, काही नको होतं, फक्त कुणीतरी 'उतर' म्हणायला हवं होतं. पण म्हणणार कोण? दहा मैल राहिले होते. एवढे काढले की पेजर सुटला, असं मनाशी घोकत तो पाय फिरवत राहिला.

आठ मैल उरले असताना ग्लेन ओरडला. गुडघा! रस्त्याकडेला बसूनच राहिला. मोबाइलला रेंज नाही. मार्थाने फोन हवेत फिरवून पाहिला, टेस्टिंगवाल्यांनी कुंपणावर चढून पाहिला. शेवटी ग्लेनची सायकल जवळच्या कोठारात ठेवली. पण ग्लेन? त्याला कुठे ठेवायचं?

पुन्हा चार माना वळल्या.

आणि मग, काय सांगायचं, पेन्स खोऱ्याच्या त्या ऐतिहासिक रस्त्यावरून निमिष साहेबाला डबलसीट घेऊन निघाला! साहेब सव्वादोनशे पौंडांचा, कॅरिअरवर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेला, मांडीवर जिरेनियम. रुबार्ब हँडलला लटकवलेला. इस्त्री निमिषच्या पाठीवर जाकिटांच्या आत कोंबलेली, प्रत्येक खड्ड्याला कण्यावर बसणारी.

"गिअर कमी कर," ग्लेन मागून शिकवत होता. "खांदे सैल सोड. श्वास पोटातून घे!"

चढ आला की निमिष उतरून ढकलायचा. ग्लेन उतरायचा नाही. गुडघा!

समोरून आमिश लोकांची घोडागाडी आली. गाडीतल्या आजोबांनी लगाम खेचला, टोपी काढली आणि घोड्याकडे बघावं तसं निमिषकडे बघितलं. मोठ्या सहानुभूतीने.

घराच्या अंगणात सायकल थांबली तेव्हा बाबा बाहेरच होते.

"हे कोण?"

"साहेब," निमिष म्हणाला आणि गवतावर आडवा झाला.

बाबा धावले. मुलाला ओलांडून थेट सायकलीपाशी गेले, वाकून कॅरिअर चाचपलं. "तसूभर वाकलं नाही! बघ, बघ!" त्यांनी ग्लेनचा हात धरून गदागदा हलवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण अर्धा तास बोल्टांवर बोलत होते. स्वानंदीने निमिषच्या अंगातून एकेक जाकीट सोलून काढलं.

सोमवारी ईमेल आला. निमिष खुर्चीतून उठू शकत नव्हता, म्हणून स्वानंदीने मोठ्याने वाचला. "अभिनंदन! तू फ्रान्सला येतो आहेस. आम्ही आजवर असा रायडर पाहिला नाही. पेजर यंदा दुसऱ्या कुणाकडे देतोय."

"जिंकलो!" निमिष ओरडला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. सात वर्षं, हो! सात वर्षं!

"थांब, खाली अजून आहे," स्वानंदी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम हळू झाला. "'दरवर्षी आपलं सामान एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायला व्हॅन असते. यंदा ती कॅन्सल केली. पाच सूटकेस आहेत. तुझ्या वडिलांना विचारून सांग, जमेल ना? यू डोन्ट माइंड, राइट?'"

स्वानंदी निमिषकडे बघत होती. निमिषने तोंड उघडलं. आता 'नाही' म्हणणार, नक्की म्हणणार! ओठ अगदी त्या शब्दाच्या आकाराचे झाले होते.

"पाच?" बाबा आतून पाना घेऊनच बाहेर आले. चेहरा असा उजळलेला, की बघत राहावं. "मग पुढेही एक कॅरिअर लागेल. बसवू?"

निमिषने तोंड मिटलं.

"बसवा," म्हणाला.