वाटेत पिकलेले रेडिओ

"मी सांगतोय ते खरं, पण त्यातला एकही शब्द तुम्ही खरा मानणार नाही. दिल्लीतल्या बड्या लोकांनीही मानला नसता, पण त्यांना मी डोळ्यांदेखत दाखवलं!" असं म्हणत लीलाधर नानांनी फैजपूरच्या एसटी स्टँडवर गुळाच्या पोत्यावर मांडी ठोकली.

यावलच्या गाडीचा पत्ता नव्हता. समोर मगन बिडी ओढत बसला होता आणि शेजारी बेबाबाई, मांडीवर टोपली घेऊन. नाना ज्या रेडिओच्या कारखान्याची गोष्ट सांगणार होते, तिथे तीही त्यांच्या हाताखाली कामाला होती. म्हणून नानांनी तिच्याकडे साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहिलं.

"सांगा नाना," मगन म्हणाला. "गाडी येत नही तवपावत बठ्ठं खरं शे."

चारेक वर्षांपूर्वी जपानातल्या एका कंपनीला हातात मावणारे ट्रान्झिस्टर घरी बनवणं परवडेना. तिकडे मजुरी भारी चढली होती. म्हणून कंपनीचे हायाशी साहेब स्वस्त हात शोधत देशोदेशी हिंडले. शेवटी दोनच जागा त्यांच्या मनात उरल्या. एक सिलोन आणि दुसरी जळगावच्या लखीचंद शेटजींची पत्र्याची शेड. शेटजींचा धंदा पिढीजात केळीचा. नाना त्या वेळी मेहुण्याच्या दुकानात गूळ फोडत होते. पण उघडलेला रेडिओ त्यांना पुन्हा बंद करता येई, एवढ्या विद्येवर ते फोरमन झाले. नमुन्याचे रेडिओ दिल्लीत कंपनीच्या माणसांपुढे वाजले तर यंत्रं जळगावला येणार होती. नाही वाजले तर ती सिलोनला जाणार आणि नाना परत गुळाकडे.

"आणि काम निघालं वैशाखात," नाना म्हणाले.

पत्र्याखाली रेडिओच्या तारांवरचं मेण वितळून टेबलावरून ओघळू लागलं. पंखे लावावेत तर तारा जोडायला डाख द्यायची सळई गार पडे, बंद करावेत तर बायकांना घेरी येई. त्यात विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की वीज अशी मंदावे, की सळया नुसत्या कोमट होत.

"भाऊ, हाई सळईवर पापड बी भाजावाव नही," बेबाबाईनं तेव्हा सांगितलं होतं.

"म्हंतलं व्हतं," बेबाबाईनं आताही मान हलवली. एक गोष्ट खरी निघाल्यामुळे नानांना हुरूप आला.

मग नानांनी अख्खा कारखाना उचलला आणि शेटजींच्या केळीच्या बागेत नेला. वर पानांचं हिरवं छत, खाली पाटाचं झुळझुळ पाणी. विजेची कटकट नको म्हणून सळया शेगडीत तापवायच्या. उन्हाचे कवडसे पानांतून झिरपून हळूच बायकांच्या हातांवर पडत आणि त्यांच्या हातातल्या तांब्याच्या तारा सोन्याच्या वाटत. कुठूनसा एखादा अर्धामुर्धा जुळलेला रेडिओ खरखरे, लांबच्या देशातलं काहीतरी गुणगुणे आणि पुन्हा झोपी जाई. त्याच्याबरोबर बायकाही पेंगत.

"हायाशी साहेब तर बूट काढून पाटात पाय सोडून बसले. म्हणाले, नाना, माझ्या आजीच्या शेतावर आल्यासारखं वाटतंय."

"मराठीमा म्हंतला?" मगननं विचारलं.

"जपानीत. पण पाय पाण्यात असले की माणसाला सगळं कळतं."

साहेबांना एवढा गारवा मानवला, की ते कामाचं विचारायचंच विसरले. दिल्लीला पुढे जाताना मात्र म्हणाले, "माल वेळेवर पाठवा." माल कसला? निम्मे डाख राहिले होते, एकाही रेडिओचं स्टेशन धड लागत नव्हतं, आणि सावद्याच्या रेल्वे धक्क्यावर दिल्लीला जाणारी शेटजींची केळीची वॅगन भरायला लागली होती. नानांच्या डोळ्यांपुढे गुळाच्या ढेपा नाचू लागल्या.

"शेटजी, रेडिओ अजून कच्चे आहेत."

"मग भर ना!" शेटजी खुशीत आले. "माझ्या बापानं कधी पिकलेला माल गाडीत भरला नाही. पिकलेला भरला तर दिल्लीला सडून पोचतो. कच्चा भरायचा, वाटेत आपोआप तयार होतो."

"पण हे केळं नाही, शेटजी."

"धंदा तर केळीचाच आहे ना? आणि ते रेडिओतले सेल काढ आधी. वाटेत झिजणारी वस्तू मालाबरोबर घालायची नसते."

नानांनी सेल काढून बायकांना वाटून टाकले. हमालांनी रेडिओ केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळले, घडांच्या मधोमध रचले आणि नाना राखणीला वॅगनमध्ये बसले.

"आणि आता ऐका. बऱ्हाणपूर गेलं, सगळं गप्प. खंडव्याला वॅगनमध्ये ऊब धरली आणि घडांतून गोड वास सुटला. इटारसीच्या अलीकडे एका पानातून बारीक शीळ आली. मी म्हटलं, पाखरू असेल. भोपाळला तिथूनच बाजारभाव ऐकू आले! झाशीपर्यंत एकेक रेडिओ तयार होत गेला. एक गातोय, एक बातम्या सांगतोय, आणि मी त्या पिवळ्याधमक उजेडात घडांमध्ये उताणा पडून ऐकतोय. खाली चाकं ताल धरताहेत. दिल्लीत वॅगनचं दार उघडलं तर सगळे एका सुरात! कंपनीची माणसं रांगेनं वाकली. हायाशी साहेबांनी एक केळं सोललं, डोळे पुसले आणि म्हणाले, सिलोन रद्द!"

मगनची बिडी विझली होती. "मंग कारखाना ऱ्हायना जळगावले?"

"राहिला म्हणजे? आजही मी गेल्याशिवाय उघडत नाही!"

लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. बेबाबाईनं टोपलीतून जुनी बॅटरी काढली, तिचं बूड फिरवलं आणि गंज चढलेले दोन सेल नानांच्या ओंजळीत ठेवले.

"नाना, सेल तं आठे मनाकडेच शेतस. मंग दिल्लीमा ते रेडिओ कशावर वाजनात?" ती म्हणाली. "आनि कारखाना तुमना हातमा शे, तं हाई मेव्हणाना गूळनं पोतं यावलले कोण ली जाई ऱ्हायनं?"