वाघदेवाचा कोंबडा आणि चिमणचा खोकला

"चिमण, ते आले रे! तोंडं बांधून, पांढरे कपडे घालून आलेत!" शेजारचा भिका कुंपणावरूनच ओरडला. चिमण तेव्हा आपल्या तांबड्या कोंबड्याला कण्या टाकत होता. हातातली वाटी तिथेच फेकून त्याने कोंबडा बगलेत मारला आणि घरात धूम ठोकली.

कोंबडा साधासुधा नव्हता. गेल्या वर्षी बिबट्याने पाड्यातल्या दोन शेळ्या उचलल्या, तेव्हा चिमणने वाघदेवाला हा कोंबडा कबूल केला होता. त्यानंतर बिबट्या गंजाड गावाच्या या बाजूला फिरकलाच नाही. म्हणजे देवाने आपलं काम चोख केलं होतं, आता पाळी चिमणची होती. वाघदेवाला कोंबडा द्यायचा सण, वाघबारस, पंधरा दिवसांवर आली आणि नेमका आठ-नऊ किलोमीटरवरच्या एका पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला. तिथल्या झाडून साऱ्या कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या, ही बातमी पाड्यावर पोचली होती.

"शेवटी मारायचाच हाय ना तो?" बायको सुकी म्हणाली.

"वाघदेवाचे नावानं मारायचा हाय. सरकारचे नावानं नाय!" चिमणने कोंबडा भाताच्या रिकाम्या कणगीत सोडला आणि वर सूप झाकलं. "देवाला काय सांगू? तुझा कोंबडा साहेबानं नेला?"

हे मात्र सुकीला पटलं. ती पदर खोचून दारात जाऊन उभी राहिली. अंगणात ढोरांचे डॉक्टर वही उघडून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी आरोग्य केंद्रातल्या दक्षा सिस्टर.

"कोंबड्या किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक पण नाय."

त्याच क्षणी अंधाराला कंटाळलेल्या कोंबड्याने कणगीतून बांग दिली. सुपाखालून ती घुसमटत, खरखरत बाहेर आली.

"हे काय?" सिस्टरने कान टवकारले.

"आमचे माणसाला खोकला झालाय," सुकी एका दमात बोलून गेली.

दारामागे चिमणने कपाळावर हात मारला. पण देवाचं काम होतं. तो पुढे आला, छाती भरून खोकला, आणि जुळलं नाहीसं वाटून शेवटी एक बारीक "कूऽऽ" जोडून दिला. दक्षा सिस्टर तीन पावलं मागे सरकल्या.

"काका, असा खोकला कधीपासून?"

"काल... कालपासून."

"धाप लागते?"

कोंबडा घेऊन पळाल्यापासून ती लागलेलीच होती. "लागते," चिमण प्रामाणिकपणे म्हणाला.

"मेलेल्या कोंबडीला हात लावला होता?"

"नाय वो! घरात कोंबडीच नाय!"

"मग हे आलं कुठून?"

प्रश्न बिनतोड होता. पण सुकीला उत्तर सुचलं. "तो गेलता त्या पोल्ट्रीवर. खत आणायला!"

चिमणने डोळे मिटून घेतले. सिस्टरने फोन काढून गाडी बोलावली.

"घाबरू नका काका. माणसाला हा आजार सहसा होत नाही, पण झाला तर जिवावर बेततो. घशातला नमुना घेऊ, आणि दहा दिवस तुम्ही दवाखान्यात वेगळ्या खोलीत राहायचं."

तेवढ्यात डॉक्टरांनी वही मिटली. "इथलं आमचं काम संपलं मग. आम्ही कोंबड्या नुसत्या मोजायला आलो होतो, कुठे आजारी कोंबडी दिसते का ते बघायला. मारल्या त्या पोल्ट्रीपासून एक किलोमीटरच्या आतल्या. तुमचा पाडा लांब आहे."

हे ऐकताच सुकी आत पळाली आणि कोंबडा उचलून घेऊनच बाहेर आली. डॉक्टरांनी हातमोजे सावरून त्याचे डोळे पाहिले, तुरा पाहिला, चोच उघडून पाहिली.

"एकदम ठणठणीत," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं, एक कोंबडा.

चिमणला इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले. देवाची वस्तू सहीसलामत राहिली होती! पाड्याच्या टोकाला गाडी येऊन थांबलेली दिसली, तेव्हा कुठे त्याला स्वतःची आठवण झाली.

"सिस्टर, मग मी पण बरा हाय. तो पहिला खोकला माझा नव्हताच."

"मग कोणाचा होता?"

"कोंबड्याचा."

सिस्टरने कोंबड्याकडे पाहिलं. खाली सोडलेला तो मुकाट्याने मघाच्या सांडलेल्या कण्या टिपत होता.

"आणि पोल्ट्रीवर गेला होतात ते?"

"गेलोच नाय!"

"गाडी आली की सगळे असंच बोलतात, काका."

"सुके, सांग ना यांना!"

सुकी सांगणार होती, पण तिला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती खांबाला टेकली, खांदे गदगदत होते. सिस्टरला वाटलं, बिचारी रडतेय.

"देवाशपथ सांगतो, तो कोंबडाच होता," चिमण हात जोडून म्हणाला. "मी फक्त मागून खोकलो नि शेवटचा कूऽऽ केला."

दक्षा सिस्टरने हळहळून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि कागदावर लिहिलं, "ताप नाही. पण रुग्ण बरळतो आहे."